अझेलियाचं सरबत

आमच्या विभागप्रमुखांना वनस्पतीशास्त्रातलं सगळं आवडायचं, फक्त वनस्पती सोडून. खुर्ची आवडायची, काचेचं टेबल आवडायचं, दारावरची पितळी पाटी तर ते स्वतःच्या रुमालानं पुसायचे. प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या फांदीवर मुंगी दिसली की मात्र मागं सरायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुम्ही बघून घ्या."

ती मॅडम म्हणजे मी. मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये मुलाखत, उन्हाळा लागला की घरी, आणि मधल्या काळात पर्मनंट लोकांना जे करायचं नसतं ते सगळं, असं हे तत्त्व आहे. वडनेर भोलजीहून सकाळच्या एसटीनं निघायचं, उभ्यानं जायचं आणि सरांच्या आधी पोहोचून विभाग उघडायचा. माझी पीएच.डी. वनस्पतींच्या वर्गीकरणातली. सरांचीही तीच. पण त्यांच्या प्रबंधाची प्रत ग्रंथालयात कुणालाच कधी सापडली नाही.

सर मूळचे रोहिणखेडकडचे. पुण्यात काही दिवस राहून आले होते आणि येताना तिथली भाषा घेऊन आले होते. वर्गात एखादी पोरगी "सर, मले समजलं नाई" म्हणाली की ते डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "मले नाही बाळ, मला. आधी भाषा शुद्ध करा, मग फूल ओळखा." फूल ओळखायची वेळ मग येतच नसे.

एका मे महिन्यात सर सहकुटुंब नैनितालला गेले. परत आले ते मोबाईलभर फोटो घेऊन. कुठल्याशा हॉटेलच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या होत्या, त्यांत गुलाबी आणि लाल फुलांनी लगडलेली झुडपं. सर त्यांच्यामध्ये उभे. "अझेलिया," ते प्रत्येकाला सांगत. पगारपत्रकावर सही घ्यायला आलेल्या कारकुनालाही त्यांनी ते फोटो दाखवले.

त्याच वर्षी हिवाळ्यात कॉलेजला तपासणी समिती येणार होती. समिती आली की कॉलेजला रंग लागतो, नळाला पाणी येतं आणि प्राध्यापक वर्गावर जातात. प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला काहीतरी वेगळं करून दाखवायला सांगितलं. सरांनी जाहीर केलं, "आम्ही दुर्मिळ पुष्पवनस्पती उद्यान करतोय."

उद्यान म्हणजे सायकल स्टँडच्या बाजूची जागा. तिथली घाणेरी उपटली, मुरूम टाकला, विटांना गेरू लावला आणि पुण्याच्या नर्सरीतून टेम्पोनं अझेलियाच्या कुंड्या मागवल्या. झाडं आली तेव्हा कळ्यांनी भरलेली होती. मी खोटं बोलणार नाही, सुंदर होती. पुस्तकात, सुकवलेल्या नमुन्यांत आणि एकदा उटीच्या सहलीत पाहिलेलं हे कूळ आमच्या सायकल स्टँडपाशी उभं होतं. मी एका पानाला हात लावला आणि मला त्याची कीवच आली. हीथ कूळ हे. ह्याला गारवा पाहिजे, आंबट माती पाहिजे, पावसाचं मऊ पाणी पाहिजे. आमच्या बोअरच्या पाण्यानं तर बादलीलाही पांढरा थर धरतो.

"सर, ही झाडं इथं जगणार नाहीत," मी म्हटलं.

"समिती येईपर्यंत जगली की झालं," सर म्हणाले. "तुम्ही पाट्यांचा मजकूर करा. नाव, कूळ, उपयोग. चांगल्या अक्षरात."

मी मजकूर लिहून नेला. नाव: रोडोडेंड्रॉन सिम्सी. बागकामातलं नाव: अझेलिया. कूळ: एरिकेसी, म्हणजे हीथ कूळ. उपयोग: शोभेसाठी. खबरदारी: विषारी.

सरांनी कागद हातभर लांब धरून वाचला. "हा रोडोडेंड्रॉन कोण? मी अझेलिया मागवला होता. नर्सरीवाल्यानं फसवलं का आपल्याला?"

"सर, अझेलिया ही वेगळी प्रजाती आता मानत नाहीत. ती रोडोडेंड्रॉनमध्येच घेतली आहे. फार जुनी गोष्ट आहे ही."

"कुणी घेतली? कुणाला विचारून?"

वर्गीकरण शिकवणाऱ्या विभागाच्या प्रमुखानं विचारलेला हा प्रश्न. मी शांतपणे सांगितलं. ज्या स्वीडिश पंडितानं पहिल्यांदा ही झाडं वाटली, त्यानं पुंकेसर मोजले. पाच असले तर अझेलिया, दहा असले तर रोडोडेंड्रॉन. सोपं होतं, पण टिकलं नाही. पुढच्या लोकांना सहा-सातवाली फुलंही मिळाली, आणि बाकी सगळी ठेवण पाहिली तर दोघं एकाच घरातली निघाली. मग दोन चुली मोडून एक केली.

सरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना यातलं काही नको आहे. म्हणून मी एक फूल आणलं, त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवलं आणि ब्लेडनं उभं उकललं. "तुम्हीच मोजा, सर."

त्यांनी पेनच्या टोकानं मोजले. दोनदा मोजले. दहा निघाले.

"म्हणजे त्या जुन्या नियमानंसुद्धा हा अझेलिया नाही," मी म्हटलं.

"मग पाच उपटून टाका," सर म्हणाले. "झाला अझेलिया."

ते विनोद करत नव्हते. विनोद त्यांना जमत नसे. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी स्वतः मजकूर दिला आणि दोन दिवसांत बागेत हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं उभी राहिली: अझेलिया इंडिका. कूळ: गुलाब. उपयोग: औषधी.

"सर, औषधी कशावरून?"

"सगळ्याच वनस्पती औषधी असतात, मॅडम."

"ह्या झाडाची पानं खाल्ली तर शेळ्या मरतात."

"कॉलेजात शेळ्यांना प्रवेश नाही."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याचं गावात कृषी केंद्र आहे. दिवसभर लोकांना कुठल्या डब्यात काय विष आहे हे सांगण्यात त्याचा जन्म चाललाय. तो म्हणाला, "तू सांगतलं नं त्याईले? झालं मंग. पाटीच हाय ते. पाटी वाचून कोनी मरते का?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं.

समिती यायच्या दिवशी मी लवकर पोहोचले. बागेत गेले तर मागच्या रांगेतल्या कुंड्यांवर एकही फूल नव्हतं. दर्शनी रांग तेवढी फुललेली. मला वाटलं पोरांनी तोडली. इतक्यात सर आले, नवा कोट, कपाळावर गंध, हातात मोठा स्टीलचा थर्मास.

"सर, फुलं कुणी नेली?"

"मीच नेली. काल संध्याकाळी." त्यांनी थर्मास असा वर केला, जणू त्यात गंगाजल होतं. "आज समितीला आपल्या उद्यानातलं सरबत. बायकोनं केलंय. पाकळ्या उकळून, साखर घालून. रंग बघाल तर बघत राहाल."

मी म्हटलं, "सर, हे विष आहे."

"विष?" सर हसले. "मॅडम, तुम्हीच मला शिकवलंत ना, हा रोडोडेंड्रॉन आहे म्हणून? मी नैनितालला बुरांसच्या फुलांचं सरबत प्यायलोय. बाटली घेऊन आलो होतो. त्या बाटलीवर काय लिहिलंय सांगू? रोडोडेंड्रॉन! आता काय म्हणणं आहे तुमचं?"

ज्या नावाला त्यांनी पाटीवर जागा दिली नव्हती, ते आता थर्मासमध्ये चाललं होतं. मी म्हटलं, "सर, प्रजाती एक आहे, जात वेगळी आहे. बुरांसच्या पाकळ्या पहाडातले लोक पिढ्यानपिढ्या पितात, त्यांना कुठलं झाड आणि किती ते माहीत आहे. हे झाड ते नाही. वांगं आणि बटाटा एकाच प्रजातीतले आहेत. म्हणून बटाट्याच्या पाल्याची भाजी करतो का आपण?"

"उदाहरणं वर्गात द्या," सर म्हणाले. "आणि समितीसमोर तोंड उघडायचं नाही. जून लांब नाही."

हे शेवटचं वाक्य ते अगदी शुद्ध पुणेरीत बोलले.

मी प्राचार्यांकडे गेले. ते सत्काराच्या शाली मोजत होते. "मॅडम, तुमच्या विभागातलं तुम्ही मिटवा," म्हणाले आणि पुन्हा शालींकडे वळले.

समितीत तिघं होती. त्यातले एक वनस्पतीशास्त्राचे, मोठ्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, अभ्यासू म्हणून नाव असलेले. मी त्यांची पुस्तकं वाचलेली होती. ते बागेत आले, पाटीसमोर थांबले, चष्मा वर करून त्यांनी ती वाचली. ते पाटीकडे पाहत राहिले, मग फुलांकडे, आणि मग म्हणाले, "छान. रंगसंगती छान आहे."

मग सरांनी खूण केली आणि ट्रे आला. काचेच्या पेल्यांत लालसर, पारदर्शक सरबत, वर सब्जाचं बी. सर बोलू लागले, "आमच्याच उद्यानातल्या..."

मी पुढं झाले. मी म्हटलं, "हे अझेलियाच्या फुलांचं आहे. विषारी आहे. कृपा करून कुणी पिऊ नका."

सर माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच त्यात काही कालवलं होतं. मी त्या निवृत्त प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत मला ते स्पष्ट दिसलं. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं, 'बाई बरोबर सांगताहेत' एवढंच. त्यांनी पेला अलगद ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "मला जरा शुगर आहे. चहाच चालेल, बिनसाखरेचा."

दुसऱ्या सदस्यांनाही लगेच शुगर झाली. तिसऱ्या बाई होत्या, त्यांना उपवास आठवला. प्राचार्यांनी पेला हातात घेऊन तो सबंध वेळ नुसता धरून ठेवला. विद्वत्तेचा एवढा मोठा मेळावा, आणि त्यात एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. ज्यानं त्यानं आपापला जीव मात्र वाचवला.

उरले सर. पाहुणे पीत नाहीत म्हटल्यावर त्यांची शोभा झाली होती. त्यांनी पेला उचलला आणि माझ्याकडे बघत एका दमात रिकामा केला. मग दुसरा. ओठ पुसून म्हणाले, "आमच्या मॅडमना जरा भीती वाटते. ग्रामीण भाग आहे."

मी सरळ ट्रे उचलला आणि उरलेले पेले मोरीत ओतले. थर्मासही ओतला. माझी नोकरी तिथंच वाहून गेली हे मला कळत होतं, पण त्या ट्रेकडे शिपाई बघत होते, पोरं बघत होती. आग्रह झाला असता तर कुणीही प्यायलं असतं.

दुपारी सभागृहात सर समितीला पडद्यावर चित्रं दाखवत होते. दुर्मिळ वनस्पतींचं संवर्धन असा विषय होता. बोलता बोलता त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, खरोखरचं, हनुवटीवरून ओघळणारं. त्यांनी रुमाल लावला. मग टेबल धरलं. मग खाली बसले आणि कोटावरच उलटी केली. मी धावले. मनगट हातात घेतलं तर नाडी एवढी संथ, की एक ठोका झाला की पुढचा येतो की नाही असं वाटावं. चेहरा पिठासारखा झाला होता. पुणेरी पार गेली होती.

"माय वं," सर म्हणत होते, "मेलो वं माय. कोनी तरी पाहा ना मले."

त्यांना प्राचार्यांच्या गाडीतून खामगावला खासगी दवाखान्यात नेलं. मला कुणी गाडीत घेतलं नाही. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही थांबा इथंच, तुम्ही आधीच पुष्कळ केलंय." मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. त्या माणसाचा मला किती राग होता हे मला माहीत होतं, आणि तो मरू नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होते. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. सरांच्या बायकोचा. मी त्यांना वहिनी म्हणत असे. साधी बाई, कधी कॉलेजात आली तर आम्हा सगळ्यांना घरचे लाडू आणायची.

"मॅडम," त्या रडत होत्या, "डॉक्टर इचारून राह्यले काय पेले म्हनून. हे म्हनतेत गुलाबाच्या जातीचं औषधी सरबत. डॉक्टर म्हनतेत मंग हार्टचंच असन, अकोल्याले न्या. तुमाले माहीत हाय ना ते कायचं झाड हाय?"

"वहिनी, फोन डॉक्टरांना द्या. आणि ऐका, घरात अजून कुणी प्यायलं का?"

"म्या चाखलं होतं चमचाभर. साखर पाह्याले. लेकरांले नाई देलं, पाव्हन्याईचं हाय म्हनून."

"तुम्हाला काही होतंय?"

"सकाळपासून मळमळते. मले वाटलं जागरन झालं."

त्या डॉक्टरांना मी कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी भेटलेला तो पहिला माणूस, ज्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मी झाडाचं नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, कूळ सांगितलं. ह्या कुळातल्या विषानं नाडी मंदावते, रक्तदाब पडतो, लाळ सुटते, हे सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "ताई, बरं झालं सांगितलं. आपल्याकडं फवारणीचं विष रोज बघतो, हे कधी बघितलं नव्हतं. गुलाब म्हणाले, म्हणून मी भलत्याच वाटेनं चाललो होतो. नाडी वर आणायचं इंजेक्शन देतो. त्यांच्या मिसेसनाही बघतो."

रात्री वहिनींचा फोन आला. नाडी सुधारली होती. दुसऱ्या दिवशी सर घरी गेले.

नवऱ्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्या म्हनलं होतं पाटी वाचून कोनी मरत नाई. चुकलंच माह्यं. लिहिनाराच मरता मरता राह्यला."

सर आठवड्यानं कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं की समितीच्या नाश्त्याला आणलेली कचोरी शिळी होती. त्या कचोऱ्या बाकीच्या पन्नासेक जणांनीही खाल्ल्या होत्या, त्यांना काही झालं नव्हतं, हे कुणी बोललं नाही. उलट कचोरीवाल्याला पुन्हा ऑर्डर द्यायची नाही असं ठरलं. बिचाऱ्याला कारणही कळवलं नाही. माझ्याशी सर एक शब्द बोलले नाहीत. समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात दुर्मिळ पुष्पवनस्पती उद्यानाचं खास कौतुक होतं.

झाडं शिमग्याच्या आत गेली. आधी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मग काड्या झाल्या. आमच्या पाण्यानं जे करायचं ते केलं. मी रोज बघत होते. त्यांची एकट्यांचीच त्या सगळ्यात काही चूक नव्हती.

जूनमध्ये मला बोलावणं आलं नाही. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "यंदा कार्यभार बसत नाही." मी भांडायला गेले नाही. भांडायला समोर माणूस लागतो.

पुढच्या हिवाळ्यात अचानक सरांचा फोन. आवाजात साय आलेली. "मॅडम, कशा आहात? एक शोधनिबंध लिहितोय. अझेलियामुळे होणारी विषबाधा, एक प्रत्यक्ष अनुभव. आपल्या भागात असं काम कुणी केलेलं नाही. तुम्ही फक्त वर्गीकरणाचा परिच्छेद लिहून द्या. आभारात तुमचा उल्लेख करतो."

जो माणूस स्वतःच्या मूर्खपणानं मरता मरता वाचला, तो त्या मरणावरही बढतीचे गुण मिळवायला निघाला होता. "सर," मी विचारलं, "तुम्हाला तर कचोरी बाधली होती ना?"

"मॅडम, तो प्रशासकीय भाग झाला," सर म्हणाले. "हा शैक्षणिक आहे."

मी परिच्छेद दिला नाही. निबंध तरीही छापून आला, असं कळलं. आता ते प्रभारी प्राचार्य आहेत. वहिनी मात्र अजून दिवाळीला फोन करतात आणि नवऱ्याचं नावही न काढता माझ्या लेकराबाळांची चौकशी करतात.

मी सध्या दुसऱ्या गावी, पत्र्याच्या शेडमधल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तिथं मागच्या आठवड्यात सपुष्प वनस्पतींची कुळं चालू होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी वही मिटून म्हणाली, "मॅडम, हे हीथ कूळ आपल्याइकडं उगवतच नाई. मंग शिकाचं काऊन?"

सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. पण तास संपत आला होता आणि बाहेर एसटी लागली होती.

"लिही मुकाट्यानं," मी म्हटलं. "परीक्षेत येते."